आधी टार्प मोजा, मग हॅमॉक घ्या

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत हॅमॉकमध्ये मुक्काम करण्याविषयी आलेला लेख वाचून आनंद झाला. तंबूसाठी सपाट, कोरडी जागा शोधत फिरण्यापेक्षा दोन चांगली झाडे बघून टांगून झोपता येते, हे जितक्या लोकांना कळेल तितके बरे. मात्र हॅमॉकच्या मापाबद्दल त्या लेखात एवढेच म्हटले आहे, की मिळेल तेवढा मोठा घ्या, मोठ्यात झोप चांगली लागते. आकाश निरभ्र असेल तर हे अगदी बरोबर आहे. पाऊस असेल, तर वर टार्प (पाऊस अडवायला छपरासारखे बांधायचे कापड) केवढा आहे हे विचारल्याशिवाय दिलेला हा सल्ला झोपणाऱ्याच्या अंगाशी येतो.

आमच्या गटाचे सामान सांभाळण्याचे आणि दुरुस्त करण्याचे काम माझ्याकडे असते. हॅमॉकची शिलाई उसवली, टार्पची कडी निघाली, की ते माझ्या शिलाई मशीनवर येते. गटातले बहुतेक टार्प दहा फुटी आहेत, काही नऊ फुटी आणि थोडे आठ फुटी चौरस. पाठीवर वजन नको म्हणून लोक टार्प लहान घेतात आणि झोप हवी म्हणून हॅमॉक लांब घेतात. दोन्ही खरेद्या आपापल्या जागी बरोबर असतात. पण त्या वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळा विचार करून झालेल्या असतात, आणि त्या दोन वस्तू पहिल्यांदा एकमेकींना भेटतात त्या थेट पावसात.

नेहमीचा हॅमॉक म्हणजे दोन्ही टोकांना चुण्या घालून बांधलेले कापड. ते जमिनीवर ताणून मोजले की जी लांबी भरते, ती टांगल्यावर राहत नाही, कारण झोळ पडतो. हॅमॉक झाडांना बांधायचे पट्टे आडव्या रेषेपासून साधारण ३० अंशांच्या कोनात असले, तर टोकापासून टोकापर्यंतचे सरळ अंतर कापडाच्या लांबीच्या सुमारे ८३ टक्के भरते. हा झोळ दर वेळी तेवढाच राहावा म्हणून बरेच जण दोन टोकांमध्ये ठरलेल्या लांबीची एक पक्की दोरी बांधतात. तिला सगळे रिजलाइन म्हणतात. टार्पशी ज्याचा संबंध येतो ते माप हे आहे, कापडाची लांबी नव्हे.

आता हिशेब बघा. अकरा फुटी हॅमॉकची रिजलाइन सुमारे ११० इंच, दहा फुटीची १०० इंच, नऊ फुटीची ९० इंच. टार्प हॅमॉकच्या टोकाच्या पलीकडे दोन्हीकडे किमान ६ इंच गेला पाहिजे, असा या छंदातल्या लोकांचा जुना ठोकताळा आहे. मी स्वतः त्याला खरोखरच किमान समजते. आठ-दहा इंच असले तर मी निर्धास्त झोपते. दहा फुटी टार्पचा माथा, म्हणजे हॅमॉकच्या वरून लांबीने जाणारी त्याची मधली रेषा, १२० इंच. त्याखाली अकरा फुटी हॅमॉक बांधला तर प्रत्येक टोकाला पाचच इंच उरतात. दहा फुटी बांधला तर दहा इंच. म्हणजे कापडाच्या लांबीत एका फुटाचा फरक, पण टोकावरचा आडोसा थेट दुप्पट. नऊ फुटी टार्पखाली अकरा फुटी हॅमॉकची दोन्ही टोके इंचभर बाहेरच येतात, दहा फुटीला चार इंच मिळतात, आणि नऊ फुटीला नऊ इंच. तीन मीटरच्या टार्पला लोक सर्रास दहा फुटी म्हणतात, पण तो ११८ इंचच असतो. कडा दुमडून शिवल्यावर त्यातूनही थोडे जाते. म्हणून पाकिटावरच्या आकड्यावर न जाता टार्पचा माथा एकदा मोजपट्टीने मोजावा.

पाच इंच आणि दहा इंच यांत एवढे काय, असे पुष्कळ जण विचारतात. डोके तर टोकापासून चांगले दीड फूट आत असते, तिथपर्यंत पाऊस कुठे पोचतो, असा त्यांचा प्रश्न असतो. त्यासाठी टोकाशी काय होते ते जवळून बघावे लागते. चुण्या बांधल्या आहेत तिथे कापडाच्या कित्येक घड्या एकावर एक येतात, आणि तिथून त्या मोकळ्या होत खाली उतरतात. प्रत्येक घडी म्हणजे झोपणाऱ्याच्या दिशेने उतार असलेली एक अरुंद पन्हळ. बाहेरच्या टोकावर पडलेला थेंब नायलॉनवर थांबत नाही. तो घडीत शिरतो, घडीतून ओघळत पाठीकडे येतो, आणि हॅमॉकचा सगळ्यांत खोल भाग जिथे असतो, म्हणजे कमरेखाली, तिथे साठतो. चेहऱ्यावर एक थेंबही पडलेला नसतो. माणूस जागा होतो तो खालून गार लागले म्हणून. हॅमॉकला खालून टांगायची गोधडी लावली असेल, तर ती आधी भिजते, आणि झोपलेल्याला त्याचा पत्ता लागतो तेव्हा तिच्यात ऊब उरलेली नसते.

झाडाच्या खोडावरून पट्ट्यावर उतरणारे पाणी अडवायला पट्ट्याला एक दोरा लोंबता बांधतात. तो जरूर बांधावा, त्यावरून पाणी खाली ठिबकून जाते. पण चुण्यांवर थेट पडणाऱ्या पावसाला तो अडवत नाही, कारण ती जागा दोऱ्याच्या आतल्या बाजूला असते. तिथे फक्त टार्पची वळचण कामाला येते.

वळचणीच्या लांबीइतकीच तिची उंचीही महत्त्वाची आहे, आणि लहान टार्पवाल्यांना खरा दिलासा इथे मिळतो. टार्प टोकापुढे ६ इंच गेला आहे आणि हॅमॉकचे टोक टार्पच्या माथ्याखाली ८ इंचांवर आहे असे धरा. उभ्या रेषेपासून साधारण ३७ अंशांपर्यंत तिरका झालेला पाऊस अडतो, त्यापुढची झड आत येते. तोच टार्प खाली आणून टोकापासून ४ इंचांवर बांधला, तर ५६ अंशांपर्यंतची झड अडते. कापड तेवढेच, वजन तेवढेच, फक्त दोरी खाली सरकवायची. टार्प इतका खाली आला तरी तोंडाला लागत नाही, कारण अंग झोळात बरेच खाली असते. दोन गोष्टी मात्र सांभाळाव्या लागतात. पट्टे वजनाने थोडे ताणले जातात, टोके खाली येतात आणि अंतर वाढते, म्हणून उंची ठरवायची ती हॅमॉकमध्ये कोणाला तरी झोपवून. दुसरे म्हणजे सिलिकॉनचा लेप दिलेले नायलॉन ओले झाले की सैल पडते. संध्याकाळी टणटणीत वाटणारा टार्प पावसाला सुरुवात झाल्यावर तासाभरात पोट सोडतो आणि रिजलाइनवर टेकतो. झोपण्याआधी तो पुन्हा ताणून घ्यावा. पॉलिएस्टरच्या टार्पला हा त्रास बराच कमी असतो, आणि आखूड टार्प घ्यायचाच असेल तर मी पॉलिएस्टरचाच घ्या म्हणून सांगते.

वाऱ्याचेही असेच आहे. हॅमॉकची रेषा वाऱ्याला आडवी असली तर झड टार्पच्या उतरत्या बाजूवर आदळते आणि वाहून जाते. तीच रेषा वाऱ्याच्या दिशेत असली तर झड सरळ टोकातून आत येते आणि सहा इंचांची वळचण काही करू शकत नाही. झाडे हवी तशी मिळत नाहीत हे मलाही कळते. पण दोन जोड्या समोर असतील तर सोयीची नव्हे, वाऱ्याला आडवी असलेली जोडी निवडावी. एकाच दिशेने वारा असेल आणि झाडांची निवड नसेल, तर टार्प वाऱ्याकडच्या टोकाला तीन-चार इंच जास्त सरकवावा. डोक्याकडे नव्हे, वाऱ्याकडे. बहुतेक जण सवयीने उशाकडे सरकवतात आणि पायांकडून भिजतात.

हॅमॉक बाहेर येतोय हे दिसल्यावर लोक पहिले काय करतात, तर पट्टे ओढून घट्ट करतात. वर उचलला गेल्यासारखा दिसतो म्हणून तसे वाटते खरे, पण त्याने टोके एकमेकांपासून आणखी लांब जातात आणि टार्पबाहेर येतात. शिवाय ताण भयंकर वाढतो. ८० किलोचा माणूस आणि पट्ट्यांचा कोन ३० अंश असेल, तर प्रत्येक पट्ट्यावर साधारण ८० किलोचाच भार येतो. कोन १० अंशांवर आणला की तोच भार प्रत्येक बाजूला २३० किलोंच्या घरात जातो. शिलाई, कडी, पट्टा आणि झाडाची साल, सगळ्यांनाच हा भार झेलावा लागतो. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या हॅमॉकपैकी टोकाशी फाटलेले जे असतात, त्यांच्या मालकांना मी पहिला प्रश्न हाच विचारते, की पट्टे किती ओढले होते.

याच्या उलट, झोळ वाढवला तर टोके जवळ येतात. अकरा फुटी हॅमॉक ८३ ऐवजी ७५ टक्क्यांवर बांधला तर त्याची रिजलाइन ९९ इंच होते, म्हणजे दहा फुटी हॅमॉक योग्य झोळाने बांधल्यासारखीच. कागदावर हे छान दिसते. प्रत्यक्षात अंग केळ्यासारखे वाकते, खांदे दोन्हीकडून दाबले जातात, आणि तिरके झोपून पाठ सपाट करण्याची जी हॅमॉकची खरी युक्ती आहे, तिला वावच उरत नाही. ज्याला दहा फुटी पुरतो त्याने अकरा फुटीला जास्त झोळ देऊन कसाबसा बसवण्यापेक्षा सरळ दहा फुटी घ्यावा, असे माझे ठाम मत आहे.

कोणाला दहा फुटी पुरतो? मी पाच फूट तीन इंच आहे आणि दहा फुटीत मनसोक्त तिरकी झोपते. नऊ फुटीतही रात्र निघते, फक्त पाय थोडे वर राहतात. साडेपाच-पावणेसहा फुटांपर्यंतच्या आमच्या गटातल्या माणसांनी दहा फुटीबद्दल कधी तक्रार केलेली नाही. त्यापुढे मात्र गोष्ट बदलते. माझा मुलगा सहा फूट आहे. दहा फुटीत तो तिरका झाला की त्याच्या पोटऱ्यांखाली कापडाची एक ताठ कड येते आणि गुडघे मागे ताणले जातात. सकाळी तो गुडघे चोळतच उठतो. ही कड कापड आखूड असल्यामुळेच येते, उशी सरकवून किंवा पट्टे बदलून ती जात नाही. त्याच्यासाठी दहा फुटी टार्पखाली मी असे जुळवले आहे: अकरा फुटी हॅमॉक, ८० टक्क्यांवर बांधलेला, रिजलाइन १०६ इंच. दोन्हीकडे सात-सात इंच उरतात. झोळ थोडा जास्त आहे हे त्याला जाणवते, पण पोटऱ्यांखालची कड गेली आणि टोके कोरडी राहिली. साडेदहा फुटी कापड मिळाले तर त्याहूनही चांगले. नऊ फुटी टार्पखाली मात्र सहा फुटी माणसाला नीट झोपवता येत नाही. त्याने टार्पच मोठा घ्यावा. जास्तीच्या दीड-दोन फूट कापडाचे वजन पाण्याच्या भरलेल्या बाटलीपेक्षा पुष्कळच कमी असते.

लेखात ‘दोघांसाठीचा’ हॅमॉक घेण्याची शिफारस आहे, तिच्याबद्दलही लिहिले पाहिजे. दोघांसाठीचा म्हणजे बहुतेक वेळा रुंद, लांब नव्हे. लांबी नऊ-साडेनऊ फूटच असते, आणि रुंदी साडेसहा फुटांपर्यंत जाते. दोन माणसे त्यात झोपली की दोघेही मध्यभागी एकमेकांवर घसरतात आणि कोणालाच तिरके होता येत नाही. एकट्या माणसाला जास्तीची रुंदी थोडीफार उपयोगी पडते, पण उरलेले कापड दोन्ही बाजूंना सैल लोंबते. अरुंद टार्पखाली तेच कापड पागोळ्यांपर्यंत जाऊन भिजते. आराम लांबीतून येतो. साधारण पाच फूट रुंदी एकट्याला भरपूर झाली.

ज्यांच्याकडे अकरा फुटी हॅमॉक आधीच आहे आणि टार्प दहा फुटी आहे, त्यांनी नवीन खरेदीला धावण्याची गरज नाही. अंगाला दहा फुटी पुरत असेल तर हाच अकरा फुटी आखूड करता येतो, आणि कात्री लावायची घाईही करू नये. दोन्ही टोकांपासून सहा-सहा इंच आत खूण करा, तिथे कापडाच्या एकसारख्या घड्या घाला, आणि मजबूत दोरीने घट्ट गुंडाळून बांधा. मग पट्ट्याची गाठ त्या बांधणीच्या आतल्या बाजूला बसवा. रिजलाइन असेल तर तीही ११० वरून १०० इंचांवर आणा, नाहीतर सगळी मेहनत फुकट जाते. पहिल्यांदा जमिनीपासून फूटभर उंचीवर, खाली दगड नाहीत हे बघून, हळूहळू वजन टाकत बसा. बांधणीबाहेर जे सहा इंच कापड उरते ते ओले झाले तर पाणी आत ओढते, म्हणून ते दुमडून टार्पच्या आत राहील असे बांधून ठेवा. दोन-तीन मुक्काम नीट झाले की मगच कापून शिलाई मारा. मच्छरदाणी शिवलेल्या हॅमॉकवर मात्र हा प्रयोग करू नका. जाळीची शिलाई आणि चेन दोन्ही ओढली जातात, आणि जाळी एकदा फाटली की मशीनवर ती पहिल्यासारखी होत नाही.

हॅमॉक बनवणाऱ्यांना आणि विकणाऱ्यांना माझी एकच विनंती आहे. पाकिटावर किती किलो वजन झेलतो ते मोठ्या अक्षरांत असते, घडी केल्यावर किती लहान होतो तेही असते, काही वेळा कापडाची लांबीही असते. टांगल्यावर टोकापासून टोकापर्यंत किती इंच लागतात, हे क्वचितच कुठे छापलेले दिसते. हा एक आकडा आणि टार्पवर माथ्याची लांबी, एवढे दोन आकडे छापले तर नवख्या माणसाला दुकानात उभ्या उभ्या जोडी जुळवता येईल. आपल्यासारख्या वृत्तपत्राने सामानाविषयी लिहिताना हे दोन आकडे आग्रहाने विचारले, तर ते छापण्याची सवयही लवकर लागेल.

राहिले आठ फुटी चौरस टार्पवाले. सरळ बांधला तर त्याचा माथा ९६ इंचच भरतो आणि नऊ फुटी हॅमॉकलाही जेमतेम तीन इंचांची वळचण मिळते. पण तोच टार्प कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, कर्णावर बांधला, तर माथा सुमारे १३६ इंचांचा होतो आणि अकरा फुटी हॅमॉकसुद्धा प्रत्येक टोकाला एक फूट राखून आत बसतो. मात्र टोकाशी टार्प निमुळता असतो. कोपऱ्यापासून जितके इंच आत याल, माथ्याच्या प्रत्येक बाजूला तितकेच इंच कापड मिळते, आणि उतार दिल्यावर आडवे छप्पर त्याहूनही कमी. तिरके झोपल्यावर डोके एका बाजूला जाते आणि पाय दुसऱ्या बाजूला, तेव्हा खांदा आणि पावले नेमकी अरुंद भागाखाली येतात. रिमझिम पावसात, वारा नसताना हे चालते. वारा उठण्याची शक्यता असेल, तर कर्णावरच्या टार्पखालीही मी अकरा फुटीऐवजी दहा फुटी हॅमॉकच बांधते. टोके पाच इंच आत येतात, आणि माथ्याच्या प्रत्येक बाजूचे कापड तिथे तितक्याच इंचांनी जास्त रुंद असते.

कळावे.

आपली,
एक नियमित वाचक